धूमराजाची वाकडी मिशी

नागपूरहून सकाळची गाडी धरली तेव्हा खांद्याला एक पिशवी होती आणि डोक्यात दादाचं बोलणं घोळत होतं. आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे गेले, तर त्याने कुंचले, शाईच्या दौती, निबांची डबी, सगळं रद्दीच्या ढिगाशेजारी आणून ठेवलेलं. "जन्मात माझं एक चित्र कोणापर्यंत पोचलं नाही. काहून सांभाळून ठेवू हे?" म्हणाला. रद्दीवाला सोमवारी यायचा होता. दादाला चित्रकार व्हायचं होतं; बाबांनी कचेरीत चिकटवलं आणि तो तिथूनच निवृत्त झाला. रायपूरला कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळावा आहे, चल, म्हटलं तर म्हणे, "तू जा बाई. आपलं धूमराजाचं पुस्तक भेटलं तर घेऊन ये."

पन्नाशी उलटली तरी मी कॉमिक्स वाचते. घरचे हसतात. हसोत बापडे.

धूमराजाची गोष्ट सांगायला हवी. बाबा रेल्वेत, त्यामुळे आमचं लहानपण रायपूरला गेलं. सदर बाजारामागच्या गल्लीत एक दुकानदार कॉमिक्स भाड्याने द्यायचा. पुस्तकांना पुठ्ठा लावून सुतळीने शिवायचा आणि समोरच्या बाकावर बसूनच वाचायला लावायचा. धूमराज हा त्यातल्या एका पुस्तकातला दुष्ट जादूगार. डोक्याला टक्कल आणि तोंडही सफाचट. दादाला ते काही पटेना. "बिनमिशीचा बदमाश असते का कुठं?" असं म्हणून त्याने पेनाने मिशी काढायला घेतली. डावं टोक झोकात वर गेलं. उजवं काढताना दुकानदाराने मान वर केली, दादा दचकला आणि ते टोक खालीच लोंबलं. मग पुढच्या प्रत्येक पानावर, दुकानदाराचा डोळा चुकवून, त्याने मिशी तशीच काढली. पात्राचं तोंड पानोपानी बदलत नसतं, असं त्याचं म्हणणं. मी शेजारी बसून पहारा देत होते.

रायपूरला उतरून आधी पोटोबा केला. टपरीवरचा गरम फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट उंडे) हिरव्या चटणीशी खाल्ला आणि चटणीचा एक थेंब नव्या साडीवर पाडून घेतला. गोल बाजारात भांड्यांचा खणखणाट अजून तसाच आहे. तिथे माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बांगड्यांच्या दुकानातली बाई "रुको दीदी" म्हणत उठली, तिने सेफ्टी पिनेने तो जोडून दिला आणि मी फरपटत सदर बाजार गाठला.

गल्ली सापडली, बाक नव्हता. आमच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती. मालकाला विचारलं तर म्हणाला, "कॉमिक्स? वो तो कब की बंद हो गई, दीदी. आज उधर हॉल में मेला है, वहीं देख लो." मला फार वाईट वाटलं. दादाला काय सांगायचं, हेच मनात घेऊन मी हॉलकडे निघाले.

हॉलमध्ये मात्र जत्रा भरली होती. केस पिकलेले लोक प्लॅस्टिकच्या पिशव्यांतली जुनी पुस्तकं अशी धरून होते, जसं काही तान्हं मूल. काही जण आवडत्या पात्रांचे वेष करून आले होते. एका कोपऱ्यात भांडण जुंपलं होतं. चष्मा लावलेली एक मुलगी म्हणत होती, "भैया, धूमराज की मूँछ थी ही नहीं! कोई भी किताब खोलकर देख लो."

"थी! मैंने बचपन से देखी है," समोरचा माणूस ओरडला. चाळिशीचा असेल. काळा झगा, डोक्यावर नकली टक्कल आणि ओठांवर काळ्या पुठ्ठ्याची मिशी. डावं टोक वर. उजवं खाली.

"अगंबाई!" माझ्या तोंडून निघालं आणि मला हसूच आवरेना.

त्याने वळून पाहिलं. "तुमी काहून हसून राहिल्या, दीदी?"

त्याचं नाव नितीन. मराठीच, पण घर कित्येक पिढ्यांपासून रायपूरचं. दुकान बंद झालं तेव्हा त्याच्या वडिलांनी मुलांसाठी सगळा गठ्ठा उचलला होता. "आमच्या पाऱ्यातल्या (मोहल्ल्यातल्या) सगळ्या पोट्ट्यायनं हेच पुस्तक वाचलं," असं म्हणत त्याने पिशवीतून ते काढलं. तीच सुतळी. मी पान उलटलं आणि डोळे भरून आले.

"ही मिशी माझ्या दादानं काढली आहे," मी म्हणाले, आणि बाकावरची सगळी हकीकत सांगितली.

नितीनचं तोंड उतरलं. "म्हणजे मी इतके वर्षं उगाच भांडून राहिलो?" चष्मेवाली हसायला लागली. तो बराच वेळ पानं उलटत राहिला. मग म्हणाला, "नाही दीदी. बिनमिशीचा धूमराज मले पाहावतच नाही. आमच्यासाठी हाच खरा."

"मग हे पुस्तक मला द्याल? दादाने मागितलंय."

त्याने पुस्तक छातीशी धरलं. "हे नाही देत. त्यायलेच इकडे घेऊन या. ज्यानं काढली त्याची सही पाहिजे मले." आणि ओठांवरची मिशी ओढून काढून माझ्या हातावर ठेवली.

दादाला फोन करावासा दहा वेळा वाटला, केला नाही. मला त्याचं तोंड पाहायचं होतं. परतीच्या गाडीत मिशी रुमालात गुंडाळून बसले. आम्ही ते गाव सोडून आलो, दुकान गेलं, बाक गेला, आणि दादाने चोरून काढलेली मिशी बघत मात्र तिथे एक अख्खा मोहल्ला लहानाचा मोठा झाला. याहून जास्त छापून येणं म्हणजे काय असतं, मला ठाऊक नाही.

सोमवारी सकाळीच त्याच्याकडे गेले. सगळं सांगितलं आणि मिशी हातात दिली. त्याने चष्मा लावला, ती उजेडाकडे धरली, उलटसुलट पाहिली. डोळे पाणावले होते, तरी कपाळाला आठी होती. खाली रद्दीवाल्याची आरोळी आली तसा तो उठला आणि ढिगाशेजारचे कुंचले उचलून काखोटीला मारले.

"त्या नितीनले सांग," म्हणाला, "उजवं टोक अजून थोडं खाली पाहिजे. राहू दे, मीच येऊन दाखवतो."