भरून ठेवलेली सिरिंज

वत्सलाबाई पगारेंच्या वॉर्डात माशीनंसुद्धा पाय पुसून आत यावं, असं दवाखान्यात सगळे गमतीनं म्हणत. पंचवटीतला हा ट्रस्टचा दवाखाना वीस खाटांचा. म्हसरूळ, आडगाव, मखमलाबादकडचे भाजी-फुलंवाले शेतकरी बाजाराला येता-जाता तिथंच दाखवून जात. बाई तिथल्या मुख्य सिस्टर. कात्र्या, ट्रे, काचेच्या नळ्या त्या दुसऱ्या कुणाला धुऊ देत नसत. धुण्याच्या पावडरीचा फेस कोपरापर्यंत चढे, मग गरम पाणी, मग गच्चीवरचं ऊन. आणि नवीन वस्तू आली की ती थेट कपाटात. कोरी वस्तू वापरायला काढणं बाईंच्या जिवावर येई. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असे. वरून कुणी तपासणीला आलं की कपाट उघडून त्या अशा बाजूला उभ्या राहत, जणू मुलीचं रुखवत मांडलंय.

अशा बाईंच्या हातून एक माणूस गेला होता. हे त्या कुणाजवळ बोलत नसत, पण विसरतही नसत.

१९९४च्या श्रावणात सहादू नावाच्या भाजीवाल्याला मेथीच्या वाफ्यात घोणस चावली. डॉक्टर नवनाथ बोरस्ते तेव्हा तरुण होते. त्यांनी तेव्हाच्या रीतीप्रमाणे सापाच्या लसीचा थेंब आधी कातडीखाली टोचून पाहिला. याला टेस्ट डोस म्हणत. अर्धा तास वाट पाहिली, कातडी लाल झाली नाही, म्हणून लस सुरू केली. शिरेत सुई बाईंनीच लावली. पाव बाटली जाते न जाते तोच सहादू अंग खाजवू लागला, ओठ सुजले, श्वास घोगरा झाला. डॉक्टरांनी आधी पित्ताचं इंजेक्शन मागितलं, मग स्टिरॉइड. अशा वेळी जीव वाचवणारं औषध अॅड्रेनालिन, पण ते द्यायला डॉक्टर कचरले. त्यानं हृदय बंद पडतं, असं त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं. अखेर मागितलं, तेव्हा ते बाईंच्या कपाटात कुलूपबंद होतं. किल्ली, खोकं, काचेची कुपी, सिरिंज. सगळं जमवून बाई परत आल्या तेव्हा सहादूचे डोळे उघडे होते, पण तो कुणाकडे बघत नव्हता.

लोकांनी खिडक्या फोडल्या आणि डॉक्टरांच्या श्रीमुखात भडकावली. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला: साप चावलेला माणूस इथं ठेवायचा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं आणि सिव्हिलला पाठवायचं. कुणी विचारलं तर बाई सांगत, "लस सापापेक्षा वाईट असते हो." हे त्यांनी स्वतःला पटवून दिलं होतं. नाहीतर त्यांना जगणं कठीण झालं असतं.

सहादूची बायको धोंडाबाई पुढं पंचवटीच्या भाजीबाजारात पाटी घेऊन बसू लागली. चौदा वर्षं बाईंनी भाजी घेतली ती तिच्याचकडून. धोंडाबाई जुडी जरा मोठीच देई. "नशिबात व्हतं सिस्टर, तुमी तरी काय करणार?" असं ती एकदा म्हणाली होती, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर बाईंनी चौदा वर्षं काढली होती.

२००८ साली डॉक्टर स्नेहा गांगुर्डे तिथं नोकरीला लागली. वय सव्वीस, बाईंच्या मुलीएवढं. कुठल्याशा प्रशिक्षणातून तिनं सर्पदंशाच्या उपचारांचा नवा सरकारी कागद आणला. सगळा इंग्रजीत. बोरस्ते सरांनी तो चष्मा न लावताच चाळला.

"टेस्ट डोस न देता लस, आणि तीही एकदम दहा बाटल्या?" ते म्हणाले. "कागद लिहिणारे दिल्लीत बसतात, डॉक्टर. पेशंट गेला तर मार खायला ते येणार आहेत का?"

"पण सर, आता सगळीकडे तसंच देतात."

"देऊ देत. इथं नाही."

स्नेहा हट्टाची. तिनं त्यातलं महत्त्वाचं तेवढं बारा ओळींत मराठीत उतरवलं आणि ठळक अक्षरांत लिहून इमर्जन्सीच्या खोलीत भिंतीला चिकटवलं. सोबत आलेलं कोऱ्या काचनळ्यांचं खोकं बाईंच्या हवाली केलं. लसीच्या बाटल्याही मागवून फ्रीजमध्ये ठेवल्या. सर हसले, त्यांनी दुर्लक्ष केलं. काचनळ्यांचं खोकं अर्थातच कपाटात गेलं.

बाईंनी भिंतीवरच्या पाचव्या ओळीपर्यंत वाचलं. 'टेस्ट डोस देऊ नये. त्यातून काहीही कळत नाही.' त्यापुढं त्यांनी वाचलंच नाही. काहीही कळत नाही? मग त्या दिवशी आपण अर्धा तास सहादूच्या हाताकडे काय बघत होतो? "शहाणी आलीय मोठी," एवढं पुटपुटून बाई नळ्या धुवायला निघून गेल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पावणेआठला मखमलाबादच्या चिमाजीनं बायकोला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं. मागं तिचा भाऊ. कलाबाईला झेंडू तोडताना मनगटावर चावलं होतं. साप कुणी नीट पाहिला नव्हता. हात थोडा सुजलेला, बाकी कलाबाई नीट बोलत होती, आणि तिच्या ओटीत तोडलेला झेंडू तसाच होता. बोरस्ते सर मालेगावला गेले होते. म्हणजे दवाखान्यात काय ती स्नेहा, आणि वत्सलाबाई.

"सिव्हिलला पाठवू या," बाई लगेच म्हणाल्या.

"आधी विष भिनलंय का बघू. काचेची नळी द्या."

बाईंनी ट्रेमधली लखलखीत नळी पुढं केली. स्नेहानं कलाबाईचं रक्त काढून त्यात सोडलं, नळी टेबलावर उभी केली आणि घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. रक्त गोठलं तर विष भिनलेलं नाही, लस लागणार नाही. पातळ राहिलं तर लगेच लस."

चिमाजी दारातून आत घुसला. "आवो डॉक्टर, माझी बायको मरायला लागली आन् तुमी नळीकडं काय बघत बसले? सुई टोचा ना!"

"दादा, उगाच टोचली तर तीही जिवावर बेतू शकते. थांबा थोडं."

"किती थांबू? लय झालं थांबणं!" त्यानं दारावर बुक्की मारली. कलाबाईचा भाऊ फोनवर आणखी लोकांना बोलावत होता.

बाई भिंतीशी उभ्या होत्या. चौदा वर्षांपूर्वीचा काचांचा आवाज त्यांच्या कानात होता. हाताला काम नव्हतं, कलाबाईकडे बघवत नव्हतं, म्हणून त्यांची नजर भिंतीवरच्या कागदाकडे गेली. त्या दिवशी पहिल्यांदा त्या पाचव्या ओळीच्या पुढं गेल्या. सातव्या ओळीत लिहिलं होतं: 'नळी नवी, कोरडी, काचेची हवी. साबणानं किंवा पावडरीनं धुतलेली वापरू नये. अशा नळीत धडधाकट माणसाचं रक्तही गोठत नाही.'

बाईंनी मान वळवून टेबलाकडे पाहिलं.

टेबलावरची नळी त्यांनी स्वतः काल पावडरीत घासली होती. आठ मिनिटं होऊन गेली होती. आणखी बारा मिनिटांनी ती पातळ रक्त दाखवणार, विष असो वा नसो, आणि ही पोरगी कलाबाईच्या शिरेत दहा बाटल्या सोडणार. गरज नसताना. हे कुणाला कधी कळणारही नव्हतं. बोलावं तर आठ मिनिटं वाया गेली हे दारातल्या त्या माणसासमोर सांगायचं, आणि सांगायचं कुणी, तर जिच्या स्वच्छतेचे गोडवे अख्खा दवाखाना गातो त्या बाईनं. बाईंनी किल्लीवर हात ठेवला. एक मिनिट त्या गप्प राहिल्या. ते एक मिनिट पुढं त्यांना फार दिवस टोचलं.

"डॉक्टर, ही नळी चालायची नाही. मी पावडरीनं धुतलीय."

स्नेहाचा चेहरा उतरला. "आणि नव्या? मी खोकं दिलं होतं ना तुमच्याकडे?"

"कपाटात आहे."

 चिमाजी उसळला. "म्हंजी आमचा टाइम तुमी साबणात घालवला? तिला काय झालं ना सिस्टर, तर तुमाला सोडणार नाय मी!"

बाईंनी कपाट उघडलं, खोक्याची चिकटपट्टी दातांनी फाडली. कोऱ्या नळीत कलाबाईचं रक्त पुन्हा घेतलं. मग त्यांनी स्वतःची बाही वर केली. "माझंही घ्या. धुतलेल्या नळीत घाला. बघू दे मला."

वीस मिनिटं पुन्हा सुरू झाली. दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या. बाहेर चिमाजीची माणसं जमत होती, जिन्यावर चपला वाजत होत्या. कलाबाईची सूज मनगटावरून कोपराकडे सरकली होती. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. बोरस्ते सर होते, कुणीतरी त्यांना कळवलं होतं.

"वत्सलाबाई, त्या पोरीच्या नादी लागू नका. आत्ताच्या आत्ता सिव्हिलला पाठवा. सहादू आठवतोय ना?"

"आठवतोय, सर."

"मग?"

बाईंनी स्नेहाकडे पाहिलं. ती कलाबाईची नाडी बघत होती, नजर नळ्यांवर. "पाठवत नाही, सर," बाई म्हणाल्या आणि फोन खाली ठेवला. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्या सरांना प्रथमच नाही म्हणाल्या होत्या.

वीस मिनिटं भरली. स्नेहानं आधी धुतलेली नळी तिरकी केली. बाईंचं रक्त पाण्यासारखं वाहिलं. धडधाकट बाईचं रक्त, आणि नळी सांगत होती की हिला विष चढलंय. मग तिनं कोरी नळी हळूच कलती केली. त्यातलं कलाबाईचं रक्तही वाहिलं. त्याच वेळी कलाबाईनं तोंड पुसलं आणि पदराला हिरड्यांचं रक्त लागलं. आता शंका उरली नाही.

"लस काढा, बाई. दहा बाटल्या."

बाई एकेक बाटली तळहातांत फिरवून आतली लसीची पावडर विरघळवू लागल्या. हलवून नव्हे, फेस होऊ न देता. सलाइन लावायच्या आधी त्यांनी भिंतीवरची नववी ओळ वाचली आणि तिथंच थबकल्या. 'लस सुरू करण्यापूर्वी अॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून पेशंटच्या उशाशी ठेवावं. अंगाला खाज सुटताच मांडीत द्यावं. वाट पाहू नये.'

त्यांनी कुपी फोडली, सिरिंज भरली आणि उशाशी ठेवली. दहा सेकंदांचं काम.

लस सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नसतील. कलाबाई मान खाजवू लागली. मग छाती. गळ्यावर लाल गांधी उठल्या, आणि आवाज घोगरा झाला. तोच आवाज. बाईंना तो झोपेतही ओळखू आला असता.

"सिस्टर, मला कसं तरी व्हतंय..."

स्नेहानं लस बंद केली आणि सलाइनची नळी धरून तशीच उभी राहिली. तिनं हे फक्त कागदावर वाचलेलं होतं. बाईंनी पाहिलेलं होतं. त्यांनी उशाकडे हात नेला, सिरिंज उचलली आणि लुगड्यावरूनच मांडीत सुई घुसवली.

मग काही करण्यासारखं नव्हतं. चिमाजी दारात उभा होता, आता तो ओरडत नव्हता. एक मिनिट गेलं. दोन. चौथ्या मिनिटाला कलाबाईनं खोल श्वास घेतला, मग दुसरा. ओठांचा रंग परत येऊ लागला. "पाणी," ती म्हणाली. पंधरा मिनिटांनी स्नेहानं लस पुन्हा सुरू केली, अगदी सावकाश, आणि या वेळी काही झालं नाही.

दुपारी अडीचला पुन्हा रक्त काढून कोऱ्या नळीत ठेवलं, ते दह्यासारखं घट्ट बसलं. नळी उलटी केली तरी हललं नाही. स्नेहा रडली आणि हसली. चिमाजीनं बाईंचे पाय धरले. बायकोच्या ओटीतला झेंडू त्यानं टेबलावर ओतला, "देवाला वाहिला समजा," म्हणाला. सगळ्या दवाखान्यानं कौतुक केलं. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या हात धुवायला गेल्या आणि नळ चालू ठेवून किती तरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

दहा सेकंद. कुपी फोडायची, भरायची, उशाशी ठेवायची. सहादूच्या वेळी लस वाईट नव्हती. नशीबही आडवं आलं नव्हतं. औषध होतं, हात होते, फक्त ते कुलपात होतं. इतके दिवस आपण नव्या कागदाला शिव्या का घालत होतो, हे बाईंना तिथं नळाशी उमगलं. तो खरा ठरला तर सहादू उगाच गेला असं ठरत होतं. आणि आज तो खरा ठरला होता.

संध्याकाळी घरी जायच्या आधी त्या भाजीबाजारात गेल्या. दसऱ्याची गर्दी, आपट्याची पानं, झेंडूचे ढीग. धोंडाबाईनं त्यांना पाहून मेथीची जुडी आधीच बाजूला काढली.

"धोंडाबाई, तुला एक सांगायचंय." बाई पाटीसमोर उकिडव्या बसल्या. "सहादू नशिबानं गेला नाही. एक इंजेक्शन आधीच भरून ठेवलं असतं, तर तो वाचला असता. ते माझ्या कपाटात होतं. आज एका बाईला तेच दिलं, ती वाचली."

धोंडाबाईचा हात जुडीवर थांबला. शेजारची भाजीवाली गिऱ्हाईकाशी भांडत होती, कुणी रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.  खाली बघून धोंडाबाईनं मेथीवर पाणी शिंपडलं, पुन्हा शिंपडलं.

"ती बाई... लेकरंबाळं हायेत तिला?"

"दोन आहेत."

"बरं झालं." तिनं जुडी उचलली, बाईंच्या पिशवीत घातली आणि डोळे न उचलता म्हणाली, "चार दिस इकडं येऊ नका, सिस्टर. मंग या."