लिंबाखालची सभा मोबाईलमध्ये गेली

ग्रामपंचायतीत शिपाई असलं की किस्से शोधावे लागत नाहीत; चपलेला चिखल लागावा तसे आपोआप लागतात! अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामसभेची दवंडी मी द्यायचो. माझी हलगी तीन गावांना ऐकू जायची. एकदा तर शेजारगावचे लोक येऊन आमच्या सभेत भांडून गेले! आता व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. हलगी खुंटीला.

*

सरपंचांनी ग्रुपवर फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग केली.

"मग लोकांनी काय करायचं?" मी विचारलं.

"अंगठा दाखवायचा. लोकशाही हाय, पण गोंधळ न्हाई!"

पंचायतीसमोरच्या लिंबाखाली सभा भरायची तेव्हा गोंधळच तर असायचा. लोक एकमेकांचे आजोबा काढायचे, अन् सभा उठली की भांडलेले दोघं एकच चहा कप-बशीत वाटून प्यायचे.

*

ग्रामसेवकांनी एकाच मेसेजमध्ये वर विठोबातात्या वारल्याचं कळवलं अन् खाली पाणीपट्टी वाढवायचा ठराव टाकला. "दोनदा कशाला टाईप करायचं?"

गावानं तात्यांसाठी मेसेजवर धडाधड हात जोडले. रजिस्टरला नोंद: ठराव सर्वानुमते मंजूर!

*

तुळसाकाकूंच्या दारातली नाली तुंबलेली. दर ग्रामसभेत त्या उठून बोलायच्या. आता सभाच मोबाईलवर अन् काकूंकडं मोबाईल न्हाई. मीच माझ्या फोनवरून ऑनलाइन तक्रार टाकली. आठ दिवसांनी मेसेज आला: 'तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'

काकूंनी नालीकडं बघितलं. "कुणी काढली रे?"

"कंप्युटरनं."

"मग त्याला म्हणावं, ये अन् इथून चालून दाखीव!"

*

तालुक्याच्या साहेबांनी सगळ्या सरपंचांची ऑनलाइन मीटिंग घेतली. सगळ्यांचे आवाज बंद ठेवून विचारलं, "कुणाचं काही म्हणणं? नाही? छान!"

सरपंच घसा कोरडा होईस्तोवर ओरडले. "अरे, आपलं कुणी ऐकालंच न्हाई!"

मी म्हणलं, "हाव अण्णा. आम्हाला सवय झालीय."

*

परवा ग्रुपवर ग्रामसभा होती. सकाळी दहाला बघतो तर लिंबाखाली सतरंजी टाकून तुळसाकाकू एकट्याच बसलेल्या.

"काकू, इथं कुणी येत न्हाई आता."

"तू बोलीवलंस का कुणाला?"

मी पंचायतीत गेलो. हलगी काढली. कातडं सैल पडलेलं. कागद पेटवून शेकलं. अन् लिंबाखाली उभा राहून अशी वाजवली, अशी वाजवली, की दुकानं सोडून, जेवती ताटं सोडून माणसं आली. सरपंच मोबाईल हातात घेऊनच पळत आले. "काय झालं रे? कोण गेलं?"

काकू उठल्या. पदर डोक्यावर घेतला.

"कुणी न्हाई गेलं. बसा समदे. नालीचं बोलायचंय."