काळ्या वाळूतले स्वेटर

माझ्या सासऱ्यांनी माझं पुस्तक पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा त्याच्या अकराव्या पानावर चार फ्रेंच माणसं काळ्या वाळूत, अंगावर सुताचा धागा न ठेवता पहुडली होती.

चूक माझीच. केडगावात मी फ्रेंचच्या शिकवण्या घेते. हल्लीची एक छोटी फ्रेंच कादंबरी मी मराठीत आणली. ज्वालामुखीचं बेट, तिथं सुट्टीला आलेली दोन जोडपी आणि पुढचं (पुढचं घरात सांगण्यासारखं नव्हतं!). आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं तेव्हा "प्रवासाची गोष्ट आहे" एवढंच मी म्हणाले होते. घरात पहिला शब्द त्यांचा आणि शेवटचाही. मी दुसरं पुस्तक करायचं की नुसत्या शिकवण्याच घ्यायच्या, हे त्यांच्या मर्जीवर होतं.

आमच्याकडे नवी पोथी आली की गल्लीला बोलावून वाचायची रीत आहे. आण्णांच्या लेखी पुस्तक म्हणजे पोथीच. त्यांच्या थोरल्या बहीण, आत्याबाई, राहुरीहून खास आल्या. पारायणात कुणी ओळ गाळली तर पकडायला त्या नेहमी दुसरी प्रत घेऊन शेजारी बसतात. त्या दिवशीही बसल्या, चष्मा पुसून.

दहा पानं बरी गेली. ज्वालामुखीचं नाव ऐकून, देवीच समजून, दोघीतिघींनी हातही जोडले. अकरावं पान उलटलं आणि समोर ती काळी वाळू आली.

"मग ती चौघं वाळूवर आली," मी वाचलं, "आणि वारा फार असल्यामुळे सगळ्यांनी स्वेटर घातले."

"थांब." आत्याबाईंचं बोट ओळीवर होतं. "हितं स्वेटर न्हाई."

"असेल हो, खाली."

"खाली बी न्हाई. हितं कापडंच न्हाईत."

शेजारच्या काकूंचे वाती वळणारे हात जागीच थांबले. आण्णांनी आत्याबाईंची प्रत घेतली, ते पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. आता शिकवण्यासुद्धा बंद.

"आण्णा, इथंच थांबू या का?" मी कशीबशी म्हणाले.

"वाचन मधीच सोडत्यात व्हय?" त्यांनी प्रत आत्याबाईंना परत दिली. "वाच. शेवटपतुर. गाळू नगं."

मग मी वाचलं. सगळं! मान खाली, कान लाल. एकही बाई उठली नाही. (एरवी दुसऱ्या अध्यायालाच निम्म्यांची दुधं उतू जातात.) शेवटी आरती झाली, प्रसाद वाटला आणि सगळे एकमेकांकडे न बघता घरी गेले.

आण्णा बोलले ते दुसऱ्या दिवशी, चहाला.

"दुसरं पुस्तक कर, सूनबाई."

मी कप खाली ठेवला.

"त्या लिहिनाऱ्यानं पाह्यलं ते लिवलं. मला लाज वाटली, पर खोटं न्हाई वाटलं. तेवढे स्वेटर मातर लई खोटे वाटले बघ."

माझ्या कामाचं ते पहिलं परीक्षण. आणि अख्ख्या वाचनात मी स्वतःच्या डोक्यानं रचलेलं वाक्य तेवढं एकच होतं.