फ्रिजवरची यादी आणि आईचा आग्रह

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये फ्रिजवर पिझ्झावाल्याच्या चुंबकाखाली एक कागद लावलेला असायचा. माझ्या आठवीतल्या मुलीला तो शाळेत मिळाला होता. समोरच्याला पटवताना माणसं काय काय लबाड्या करतात, त्यांची ती इंग्रजी नावांसकट यादी. मुद्दा सोडून माणसावर घसरणं, 'सगळेच करतात' म्हणणं, कीव यावी असं बोलणं, एका पावलात थेट सर्वनाश गाठणं. घरातलं कोणी असं बोललं की ती पेन्सिलीनं त्याच्या नावापुढे एक रेघ ओढायची. ही २००६ सालची गोष्ट.

त्या उन्हाळ्यात आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली, आणि आठवड्याभरात रेघांच्या बाबतीत तिनं आम्हा सगळ्यांना मागे टाकलं.

"घे न एक पोळी. आता किती दिवस आहे मी तुम्हाला वाढायला?"

"आजी, दॅट्स अपील टू पिटी!"

"शेजारच्या काकूंनी चार सांबारवड्या खाल्ल्या, तुलाच काय झालं?" आई कोथिंबिरीच्या वड्यांची ताटली पुढे करायची.

"बँडवॅगन!"

"खाल्लं नाही की ताकद नाही, ताकद नाही की अभ्यास नाही, मग बस घरी."

"स्लिपरी स्लोप, आजी!"

"काय लिहून राहिली गं ही माझ्या नावापुढे?" आईनं विचारलं. समजावून सांगितल्यावर ती चक्क खूश झाली. रोज संध्याकाळी आपल्या रेघा मोजायची आणि कमी भरल्या तर जेवताना वसूल करायची. घरात इतकं हसू त्याआधी नव्हतं आणि नंतरही फारसं झालं नाही.

तिच्या आग्रहाची रीत आपल्या सगळ्या घरांत असते तीच. वाढणारा विचारतो, पाहुणा नको म्हणतो. परत विचारलं की हात आडवा धरतो. तिसऱ्यांदा विचारलं की हात बाजूला होतो. इथल्या मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एक पदार्थ आणायच्या जेवणात, मात्र ही रीत कधीच मोडीत निघाली होती. एका शनिवारी यजमानीणबाईंनी आईला पुलाव एकदा विचारला, आई नको म्हणाली, आणि पातेलं पुढे गेलं. घरी येऊन तिनं मुकाट्यानं दहीभात कालवला. बायको आणि मी पोट धरून हसलो.

बाबा जाऊन वर्ष झालं होतं. परत गेली की नागपूरच्या घरात ती एकटीच राहणार होती. मी त्याच वर्षी सिटिझन झालो होतो, तिचं ग्रीन कार्ड करता आलं असतं. तिनं इथेच राहावं असं मला फार, फार वाटत होतं. पण आईला भावनेत अडकवायचं नाही, असं मी ठरवलं. ऑफिसात प्रेझेंटेशन करतो तसे कागदावर मुद्दे काढले. डॉक्टर जवळ आहेत. नागपूरचं घर भावाला बघता येईल. नातीचं मराठी सुधारेल. मुलीनं तो कागद पेन्सिल घेऊन तपासला, एकही रेघ पडली नाही. "गुड जॉब, बाबा," ती म्हणाली. त्या शाबासकीनं मी किती फुगलो होतो ते आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

रविवारी चहाच्या वेळी मी ते सगळं आईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती.

"नको रे," ती म्हणाली. "तुमचं तुमचं रूटीन आहे. मी कशाला मध्ये?"

"ठीक आहे, आई. तुझा निर्णय मला मान्य आहे." मी कागदाची घडी घातली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. मी तिचा मान राखला, असं मला वाटलं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी तिला विमानात बसवलं.

नंतर एका रविवारी सकाळी कॉलिंग कार्डावरून फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. जेवायला काय केलंस, असं विचारलं.

"एकटीसाठी काय करते मी? सकाळचाच भात आहे."

माझा तोल गेला. "मग राहिली का नाहीस? मी विचारलं होतं ना तुला!"

ती हसली.

"एकदाच विचारलंस, बाळा. पोळीसुद्धा आपण तीनदा विचारतो."

इतकी वर्षं जिच्या हातचं जेवलो, तिचं 'नको' मला कळलं नाही. पुलावाच्या पातेल्यावर हसणारा मी, तसाच पुढे निघून गेलो होतो.

"आई, ये," मी म्हणालो. "घर खायला उठतं तुझ्याशिवाय. शपथ आहे तुला माझी."

मुलगी फ्रिजपाशीच उभी होती. तिनं पेन्सिलीला हात लावला नाही.

"नको रे," आई म्हणाली.

मी परत विचारलं. ती परत नको म्हणाली. मग मी तिसऱ्यांदा विचारलं.

"आता पानं उचलली रे राजा," ती म्हणाली. "पण विचारलंस ना, पोट भरलं."