राखेलआजींच्या आईची अमावास्या

राखेलआजी गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला, त्याला आता दीड महिना होईल. "शेवटपर्यंत नर्सशी भांडत होती," तो म्हणाला. मला हसू आलं, आणि मग रडू आवरेना...

मंदीने दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबवल्या, त्या वर्षी सिलिकॉन ओएसिसमध्ये आम्ही शेजारी होतो. मुलगा इंजिनियर, नोकरी आज जाते की उद्या अशी धाकधूक. आपण ज्यू आहोत हे इथे बोलायचं नाही, अशी त्याची आईला ताकीद. आजी ऐंशीच्या, खाष्ट. माझ्या मुलीने ताटात टाकलं तर मलाच रागवायच्या. मला त्या मुळीच आवडत नसत.

सर्वपित्रीला मी बाल्कनीत बाबांचं पान ठेवलं. कावळा शिवेना. "बाबा, आईची काळजी नको, ती माझ्याकडेच राहील," मी मोठ्याने म्हटलं. शेजारच्या बाल्कनीतून आजींनी इंग्रजीत विचारलं, "कुणाशी बोलतेस?" मी समजावलं: गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल तर कावळा शिवत नाही, मग त्याला शब्द द्यायचा. ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांचाही हाच दिवस.

कठडा घट्ट धरून आजी सांगू लागल्या. पोलंडमधल्या घेट्टोत, ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, नाझी सैनिकाने त्यांच्या धाकट्या भावाला पाय धरून उचललं आणि भिंतीवर आपटलं. रक्त आईच्या तोंडावर उडालं. पुढे छावणीच्या फलाटावर दोन रांगा, एक कामाची, एक मरणाची; आई मरणाच्या रांगेत. चौदा वर्षांची राखेल आईचा हात सोडेना. आईने तिच्या थोबाडीत अशी मारली की ओठ फाटला. "ही माझी कुणी नाही!" आई किंचाळली. सैनिकाने बंदुकीच्या दस्त्याने राखेलला कामाच्या रांगेत ढकललं. आईला गॅसने मारलं. तो दिवस कोणता, हे रेल्वेच्या बंद डब्यातून आलेल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मला वाचवायला मारलं, हे कळतं गं," आजी म्हणाल्या. "पण त्यानंतर तिला हाक मारायला तोंडच उघडलं नाही."

मी त्यांच्या हातात भाताची वाटी दिली. त्यांनी ती कठड्यावर ठेवली.

"मामे!"

घरच्या यिडिश भाषेतली हाक. मग आणखी मोठ्याने, छाती बडवत, "मामे! मामे!" खालचे लोक वर बघू लागले. मुलगा धावत आला. "हळू, मॉम, प्लीज!" म्हणत त्याने आईचं तोंड दाबायला हात पुढे केला... आणि मागे घेतला.

आजी ओरडतच राहिल्या. त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला कळलं, की त्यांनाही आई होती.