हिल्डाने न पुसलेली बातमी

हिल्डा बातमीदार झाली तेव्हा इंटरनेटवरच्या बातमीला बातमी म्हणणारेही कमीच होते. एका मराठी दैनिकाच्या वेबसाइटवर ती एकटी बसायची आणि छापील पेपरवाले तिला खुशाल टायपिस्ट म्हणायचे. बाई मनोरीची, असल्या टोमण्यांना भीक घालणारी नव्हे. रोज निघताना ती आपल्या पानाची प्रिंट काढून फायलीला लावायची.

पुढे वेबसाइट बंद पडली आणि बातम्या नाहीशा झाल्या. उरल्या त्या कांदिवलीच्या घरातल्या फायली. ऑनलाइन पत्रकारितेवर पीएच.डी. करणारी श्रुतिका त्यांच्यासाठीच आली.

"आधी आमच्या अभ्यासात सगळे क्लिक मोजायचे, आंटी. मग सोशल मीडिया आलं. आता आम्ही बघतो, चुकल्यावर कोण काय करतं. पण जुनं कोणाकडेच नाही ना."

फायली देताना हिल्डाने एक पान हळूच काढून ठेवलं. २००३ सालचं. तेव्हा भाऊ जॉनीने फोनवर सांगितलं होतं, मार्वेहून मनोरीला जाणारी बोट बंद आहे. आणि सख्खा भाऊ म्हणून तिने दुसरा फोन न करता बातमी टाकली. बोट डिझेलसाठी अर्धा तास थांबली होती, एवढंच. ऑफिसात बातमी वाचून गावची दहा-बारा माणसं भाईंदरवरून रस्त्याने लांबचा वळसा घालून घरी पोचली आणि रविवारी चर्चबाहेर त्यांनी हिल्डाला चांगलंच फैलावर घेतलं. संपादक म्हणाले होते, "कागद थोडाच आहे, पुसून टाक." तिने पुसली नाही. त्याच बातमीच्या वर लिहिलं की ही बातमी चुकली, मी खात्री केली नाही. आणि खाली आपलं नाव.

आता साठीत हे श्रुतिकाच्या वर्गातल्या परक्या पोरांना दाखवायचं? तिला लाज वाटली. दोन दिवस पान कपाटात राहिलं. पण ते लपवून बाकीचं खरं म्हणून देणं, हेही पुसणंच की. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः नेऊन दिलं.

अंधेरीच्या कॉलेजात हिल्डाला पहिल्या बाकावर बसवून श्रुतिकाने वर्गासमोर नेमकं तेच पान पडद्यावर लावलं. "एवढ्या फायलींत चौदा चुका सापडल्या, आणि चौदाही कबूल केलेल्या. इतर साइट्सचं सांगता येत नाही. त्यांनी काही ठेवलंच नाही."

"ही बातमीदार कोण?" मागून एका मुलीने विचारलं.

श्रुतिका काही बोलायच्या आत हिल्डा उठली.

"मी. बातमी माझी, चूकही माझी. विचारा काय विचारायचंय ते."

पोरांनी वह्या उघडल्या.