डंखावरची चिमूट

"थांबा वहिनी, मसाला अजून बोलत नाय," असं म्हणून आमचे डंखवाले कुटलेल्या मसाल्याची चिमूट नाकाशी नेत आणि डोळे मिटत. आणखी चार घाव पडले की पुन्हा चिमूट. "आता बोलला." एवढं ऐकलं की आईचा वर्षाचा घोर मिटायचा.

तुम्ही उन्हाळ्यात लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत गेला असाल, तर मसाला कुटायचे ते डंख पाहिले असतीलच. लोखंडी मुसळं वरखाली आपटतात, मिरचीचा खकाणा उडतो आणि रांगेतल्या बायका शिंकता शिंकता भांडतात. या माणसाला मात्र मी कधी शिंकताना पाहिलं नाही. मिरच्या कुबट निघाल्या तर हातात घेताच परत करायचे. त्यावरून आईशी त्यांचं दरवर्षी वाजायचं. तरी नव्या मसाल्याचं पहिलं कालवण खायला ते आमच्या परळच्या खोलीवर येत, आणि बांगडा ताटात पडेपर्यंत त्यांना धीर नसे.

लॉकडाऊन लागला तो नेमका मोसमात. चैत्र-वैशाखात कमवायचं आणि वर्षभर खायचं, असा त्यांचा धंदा. डंखाला कुलूप, गल्लीच्या तोंडाशी बांबू. लोकांनी पाकिटातला मसाला मागवायला सुरुवात केली. ते मात्र फोन करून आईला मिरच्या उन्हात टाकायला सांगत, पुढच्या आठवड्यात उघडतंय म्हणत. उन्हात टाकून टाकून आमच्या मिरच्या पांढऱ्या पडल्या.

दुसऱ्या वर्षी चार दिवस डंख चालू झाले, तेव्हा त्यांनी मास्क लावला होता, पण हनुवटीला. आई चिडली. "नाक बांधून मसाला कसा कुटू?" ते म्हणाले. प्रत्येक घराच्या मसाल्यासाठी मास्क खाली, चिमूट नाकाशी. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. व्हायचं तेच झालं. हॉस्पिटलातून जिवंत परतले, पण वास गेला तो गेलाच.

काही आठवड्यांत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. ते रोज सकाळी हिंगाची डबी नाकाशी धरून बसत, हे त्यांच्या बायकोने पुष्कळ नंतर सांगितलं. आम्हाला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. पुढच्या मोसमात ते पुन्हा डंखावर बसले. चिमूट घेतली, डोळे मिटले, "बोलला" म्हणाले. आमच्या मिरच्यांना एका शब्दाने नावं ठेवली नाहीत. आई खूश झाली. खरं तर तेव्हाच तिला संशय यायला हवा होता.

घरी बरणी उघडली आणि खोलीभर कुबट वास सुटला. रविवारी ते नेहमीसारखे जेवायला आले, तेव्हा आईने गुपचूप शेजारणीकडून वाटीभर मसाला आणून कालवण केलं. आम्ही दोघी जरा जास्तच तारीफ करत होतो. ते चावत राहिले. मग उठले, हात धुतला, फळीवरची बरणी काढली आणि चिमूट आईच्या नाकाशी धरली.

"खरं सांगा वहिनी. मला वर्षभर कसलाच वास येत नाय."

आई "चांगला आहे" म्हणाली, पण तिचं डोकं आपसूक मागे गेलं होतं. ते त्यांनी पाहिलं. बरणीला झाकण लावलं, परत ताटावर बसले आणि उरलेला भात संपवला. मला रडू आवरत नव्हतं आणि त्यांच्यासमोर रडायला लाजही वाटत होती.

डंख दुसऱ्याने घेतला. ते कणकवलीकडे गावी गेले. पुढच्या मिरगाच्या तोंडावर आईने फोन केला, वास येतो का म्हणून विचारलं.

"आंबे पिकत घातलेले त्या खोलीत निजत होतो वहिनी," ते म्हणाले. "अढीच्या उशालाच. म्हटलं, आंब्याने तरी येईल. आंबे नासले, घरच्यांनी उचलून टाकले. माका कायच कळला नाय."

आई अजून फोन करते. पावसापाण्याचं, गुडघ्यांचं बोलते. वासाचं विचारत नाही.